रात्रींचा हिशोब

आजोबांची बँडच्या सुपाऱ्यांची वही अजून आमच्या घरात आहे. लांबट, लाल कापडी बांधणीची, वाणी उधारी लिहायला वापरतो तशी. तारीख, पार्टी, ठिकाण, माणसं किती, इसार, बाकी असे रकाने त्यांनी स्वतः फूटपट्टीने आखलेले. वैशाखाची पानं गच्च भरलेली. आषाढापासून पानं कोरी होत जातात, मध्ये गणपतीचे दहा दिवस तेवढे शाईने काळे, मग पुन्हा कोरी. तुळशीची लग्नं लागली की परत अक्षर सुरू. एका ब्रास बँडचं वर्ष कसं असतं ते ही वही नुसती उलटली तरी कळतं.

मीही तशीच वही ठेवते. वय २७, राहणार काळाचौकी, वाद्य ट्रंपेट. मुंबईत जॅझ वाजवून जगायचं असं ठरवून मला आता सहा वर्षं झाली. मागच्या डिसेंबरचं पान समोर आहे. महिनाभरात २१ रात्री वाजवलं. त्यात आठ लग्नांचे संगीत समारंभ, सहा कंपन्यांच्या पार्ट्या, तीन नाताळचे कार्यक्रम, आणि ३१ तारखेला अलिबागच्या एका फार्महाऊसवर पहाटे तीनपर्यंत. ही झाली १८. उरलेल्या तीन रात्री जॅझ.

त्या तीन रात्रींबद्दल मला लिहायचं आहे. जॅझमध्ये करिअर करायचं म्हणजे काय, असं नव्याने शिकणारी मुलंमुली मला विचारतात तेव्हा त्यांच्या मनात शाळा असते, परदेशातली शिष्यवृत्ती असते, चांगलं वाद्य असतं, इन्स्टाग्राम असतं. हे सगळं लागतं, मी नाही म्हणत नाही. पण माझ्यापुरतं मला एक कळलेलं आहे. जॅझ वाजवणारा घडतो तो रात्रींवर. लोकांसमोर, दुसऱ्या वादकांच्या सोबतीने, चुकायची मुभा असलेल्या किती रात्री तुमच्या वाट्याला आल्या, यावर. आणि आमच्या पिढीला नेमक्या त्याच मिळत नाहीत.

आजोबा गिरणीत साचेखात्यात होते. गिरणीच्या पाळ्या सांभाळून लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचे. १९८२ च्या संपानंतर गिरणीचा भोंगा त्यांच्यासाठी पुन्हा वाजलाच नाही आणि जोडधंदा होता तो पोटाचा धंदा झाला. मी सातवीत असताना त्यांचे पुढचे दोन दात पडले. ट्रंपेटवाल्याचे पुढचे दात म्हणजे तबलजीची बोटं. माउथपीस ओठांवर टेकतो, पण त्या ओठांना मागून आधार असतो तो दातांचा. कवळी बसवून त्यांनी महिनाभर प्रयत्न केला. सूर लागायचा, पण वरच्या पट्टीत गेले की फाटायचा. मग एके दिवशी त्यांनी ट्रंपेट पुसून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "आधी नुसत्या ओठांनी वाजव. वाद्य नंतर."

महिनाभर मी नुसते ओठ थरथरवत होते. भुंग्यासारखा आवाज येतो. त्यानंतर नुसता माउथपीस, आणि त्यानंतर कुठे वाद्य. तीन पिस्टन आणि ओठ एवढ्यावर सगळे सूर काढायचे असतात. एकच बोट दाबलेलं असताना ओठांची पकड बदलून चार-पाच वेगळे सूर निघतात हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी घरभर नाचले होते. इमारतीतल्या लोकांना त्रास नको म्हणून गोदरेजच्या कपाटाचं दार उघडून, आतल्या साड्यांमध्ये ट्रंपेटचं तोंड खुपसून वाजवायचे. आईच्या पैठणीला अजून व्हॉल्व्ह ऑइलचा एक डाग आहे.

रस्त्यावरच्या बँडने मला पुष्कळ दिलं. चालता चालता श्वास कसा पुरवायचा, उन्हात वाद्य तापलं की सूर चढतो तो कसा खाली ओढायचा, बारा तासांच्या विसर्जनात ओठ कसे वाचवायचे. पण रस्त्याने एक सवयही लावली. वरातीत फटाके असतात, ताशा असतो, मागे जनरेटरची गाडी असते. तिथे हळू वाजवणाऱ्याला कोणी विचारत नाही. पुढे कित्येक वर्षं मला हळू वाजवताच येत नव्हतं.

जॅझ मला भेटला तो बँडच्याच यादीतून. 'शोला जो भडके' आमच्याकडे कायम वाजायचं. १९५१ च्या 'अलबेला'मधलं, सी. रामचंद्रांचं. मी एकदा त्यातला ट्रंपेटचा तुकडा आजोबांनी शिकवला तसा सरळ वाजवला, तर ते म्हणाले, "असा नाही. हा गोंयकाराचा आहे. तो जरासा मागे रेलून वाजवायचा." मागे रेलून. स्विंग म्हणजे काय हे त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी वाचलं, पण याहून नेमकं कोणी सांगितलेलं मला आठवत नाही.

तो गोंयकार म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातलं हळदोणे, जन्म १९१६. अमेरिकन ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँगला गुरू मानून ट्रंपेट वाजवायचा, ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड होता. आणि पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी त्याला हाताशी धरलं. 'अलबेला'मध्ये चिकचा बँड पडद्यावरही दिसतो. आमच्या मराठी घरांत अण्णा चितळकरांचं नाव निघालं की गप्पा लताबाईंकडे वळतात, ते ठीकच आहे. पण जॅझची लय मराठी माणसाच्या कानात घालून ठेवणारा पहिला मोठा संगीतकार म्हणून मला अण्णांबद्दल फार प्रेम वाटतं. त्यांनी ती लय गोव्याच्या माणसांकडून घेतली आणि ती माणसं आपल्यासोबत ठेवली.

अकरावीत असताना आजोबा मला धोबीतलावला एका म्हाताऱ्या गोंयकार वादकाकडे घेऊन गेले. सगळे त्यांना अंकल म्हणायचे, मीही म्हणू लागले. क्रॉस लेनमधल्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत पियानो, पलंग आणि येशूची तसबीर. लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत मेस्त्रीने, म्हणजे संगीत शिक्षकाने, त्यांना सोल्फा, म्हणजे सा-रे-ग-म सारखी सूर नावाने गायची पद्धत, शिकवला होता. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून नोटेशन वाचायला शिकलेली ही मुलं मुंबईला आली, आपापल्या गावच्या कूडमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोल्यांत, पथाऱ्या टाकून राहिली आणि हॉटेलांच्या बँडमध्ये, पुढे सिनेमाच्या स्टुडिओत शिरली. कागद समोर ठेवला की वाजवायचा, हे त्यांचं भांडवल होतं. मला कानाने यायचं, कागदाने येत नव्हतं. अंकलनी दोन वर्षं मला कागद शिकवला. पैशांचं विचारलं की म्हणायचे, "आजोबाला सांग, बांगडे आण."

एकदा त्यांनी विचारलं, "बाय, तू आठवड्यात किती रात्री वाजवतेस?"

मी म्हटलं, लग्नसराईत चार-पाच.

"वरात नको सांगू. बसून, रिदम सेक्शनबरोबर? बेस, ड्रम, पियानो?"

मी गप्प.

मग त्यांनी त्यांचा हिशोब सांगितला. विशीत असताना ते चर्चगेटच्या एका रेस्टॉरंटमध्ये वाजवत. आज ज्याला वीर नरिमन रोड म्हणतात त्या रस्त्यावर तेव्हा ओळीने बँड असायचे. आठवड्याला सहा रात्री, रात्रीचे चार तास. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तरी बाराशे तास झाले. पाच वर्षांत सहा हजार. "यातला जॅझ किती म्हणशील? थोडा. फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, रुंबा, जे साहेब सांगेल ते. पण साहेब जेवायला बसला की आम्ही आमचं वाजवायचो."

हे वाक्य मी अजून विसरले नाही. मुंबईतल्या जॅझचा इतिहास त्यात आहे, असं मला वाटतं. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन ताजमध्ये आला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला, तो या देशातच राहिला आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. या मंडळींच्या बँडमध्ये, त्यांच्या शेजारी बसून इथले वादक शिकले. पण हॉटेलमालकाने पैसे मोजले ते नाचासाठी. जॅझ त्या नाचाच्या पोटात वाढला. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला, बारच्या पैशावर चालणारे बँड आक्रसले, आणि हीच माणसं दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत बसू लागली. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचे वाद्यमेळ सेबॅस्टियन डिसोझांनी लिहिले, प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस होते, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे ट्रंपेटवादक अरेंजर झाले. दिवसा स्टुडिओत 'टेक', संध्याकाळी हॉटेलातलं काम, आणि उरलेल्या रात्री आपलं वाजवणं. नंतरच्या पिढीत पियानोवादक लुई बँक्सनीही जाहिरातींच्या जिंगल्सचं प्रचंड काम केलं आणि सोबत जॅझ चालू ठेवला.

म्हणून संगीत समारंभात वाजवून आल्यावर 'मी कलेशी तडजोड केली' असं मला वाटत नाही. इथल्या जॅझला दुसऱ्याच कुठल्या कामाने पोसलं आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. माझं दुखणं वेगळं आहे. अंकलना नाचाच्या रात्रीतच त्यांचा जॅझ मिळायचा. माझ्या संगीत समारंभात लॅपटॉपवर आधीच रेकॉर्ड केलेला ट्रॅक चालू असतो, कानात मात्रा मोजणारा क्लिक असतो, आणि आठ मात्रांच्या तुकड्यात एक सूर इकडचा तिकडे केला तरी गाणं ट्रॅकपासून सुटतं. साहेब जेवायला बसला तरी आम्हाला आमचं वाजवता येत नाही. पैसे मिळतात, आणि चांगले मिळतात. पण ती रात्र वहीत धरली तरी अंकलच्या हिशोबात धरता येत नाही.

न्यूयॉर्कचं जे वाचलं, ऐकलं त्यातही मला हाच धागा दिसतो. हार्लेममध्ये ११८ व्या रस्त्यावर मिंटन्स प्लेहाऊस म्हणून जागा होती. १९४० च्या सुमारास तिथे घरच्या बँडमध्ये पियानोवर थेलोनियस मंक आणि ड्रमवर केनी क्लार्क असायचे. डिझी गिलेस्पीसारखे ट्रंपेटवादक आपापल्या मोठ्या बँडमधलं पगारी काम संपवून तिथे यायचे आणि फुकट वाजवायचे. खरं तर वादकांच्या युनियनचा फुकट वाजवायला विरोध होता, दंड व्हायचा. पण जागा चालू करणारा हेन्री मिंटन हा स्वतः युनियनचा पदाधिकारी राहिलेला, त्यामुळे तिथे कोणी फारसं आडवं येत नसे. बीबॉप ही जॅझची नवी, वेगवान शैली तिथे घडली असं सगळे लिहितात. मला त्यातली ही युनियनची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. प्रतिभा होतीच; तिला रात्री मिळाव्यात म्हणून एका माणसाने जागा धरून ठेवली.

आणि रात्री काढून घेतल्या की काय होतं तेही मंकच्याच आयुष्यात आहे. न्यूयॉर्कमध्ये दारू मिळते अशा ठिकाणी वाजवायचं तर पोलिसांकडून कॅबरे कार्ड घ्यावं लागे. १९५१ मध्ये मंकचं कार्ड गेलं. सहा वर्षं हा माणूस आपल्याच शहरातल्या क्लबात बसून वाजवू शकला नाही. १९५७ मध्ये कार्ड परत मिळालं आणि फाइव्ह स्पॉट नावाच्या छोट्याशा जागी त्याला रोजचं काम मिळालं. सोबत टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन. त्याच वर्षी ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने कोल्ट्रेनला आपल्या बँडमधून काढून टाकलेलं, नशेच्या व्यसनातून तो नुकता बाहेर पडलेला. जुलैपासून वर्ष संपेपर्यंत ते दोघे जवळजवळ रोज रात्री वाजवत राहिले. त्या काळाच्या आधीचा कोल्ट्रेन आणि नंतरचा कोल्ट्रेन सलग ऐका. सहा महिन्यांत माणूस केवढा पुढे गेला ते कोणाच्याही कानाला कळेल.

एकट्याने केलेल्या रियाजाचं मोल मी कमी करत नाहीये. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर सोळा वर्षांचा असताना कॅन्सस सिटीच्या रेनो क्लबमध्ये मोठ्यांच्या जॅममध्ये, म्हणजे ऐन वेळी जमून वाजवायच्या बैठकीत, घुसला आणि गाण्यात वाट चुकला. जो जोन्स नावाच्या ड्रमरने त्याच्या पायाशी झांज फेकली. ती झांज सगळ्यांना ठाऊक असते. पुढे एका मुलाखतीत पार्करने सांगितलं की तीन-चार वर्षं त्याने दिवसाला अकरा ते पंधरा तास सराव केला. सनी रोलिन्स या सॅक्सोफोनवादकाने तर नाव झालेलं असताना १९५९ मध्ये कार्यक्रम थांबवले आणि दोन वर्षं विल्यम्सबर्ग ब्रिजवर जाऊन वाजवत राहिला, शेजारच्यांना त्रास नको म्हणून. हाच रोलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस आपल्या पवईच्या एका आश्रमात येऊन राहिला होता, आणि १९७८ मध्ये निरंजन झवेरींनी जॅझ यात्रा हा महोत्सव पहिल्यांदा भरवला तेव्हा मुंबईत वाजवून गेला. धोबीतलावच्या रंगभवनात उघड्या आकाशाखाली अशा मैफली व्हायच्या असं अंकल सांगायचे. पुढे तो भाग शांतता क्षेत्रात आला आणि तिथल्या रात्री संपल्या.

रोलिन्सचा तो पूल, तसा माझा पूल शिवडीला आहे. कॉटन ग्रीनहून चालत जाता येतं. पहाटे साडेपाचला जेट्टीच्या टोकाला उभं राहून समोरच्या चिखलाकडे तोंड करून वाजवलं की आवाज परत येत नाही, खाडी तो सगळा पिऊन टाकते. हिवाळ्यात रोहित पक्षी असतात. पहिल्या दिवशी मी लाँग टोन, म्हणजे एकच लांब सूर, लावला तेव्हा पाच-पन्नास पक्षी उडाले, मला फार वाईट वाटलं. मग मी अगदी दबक्या आवाजात सुरू करायला लागले, इतक्या की जवळचे पक्षी मान वर करतील पण उडणार नाहीत. हळू वाजवायला मी तिथे शिकले. त्यातल्या काही पहाटांना माझ्यासमोर अटल सेतूचे खांब एकेक करून उभे राहिले.

पण खाडी चूक दाखवत नाही. चूक दाखवायला माणसं लागतात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी वांद्र्यातल्या एका छोट्या रेस्टॉरंटच्या मालकाला गाठलं. मंगळवारी त्याच्याकडे गिऱ्हाईक नसतं. आम्ही म्हटलं, मंगळवार आम्हाला दे. पैसे नकोत, जेवण दे, आणि गिऱ्हाईक वाढलं तर पुढचं बोलू. आजोबांना सांगितलं तेव्हा ते नाराज झाले. इसार घेतल्याशिवाय पेटी उघडायची नाही, हा त्यांचा नियम. आणि तो नियम खरा आहे हे मला दुसरीकडे कळून चुकलं होतं: एका इव्हेंट कंपनीकडे मी इसाराशिवाय तीन कार्यक्रम केले होते, त्याची बाकी सात महिने लटकली, फोन केला की 'अकाउंट्सला टाकलंय', आणि शेवटी अर्ध्यावर मिटवावं लागलं. घरभाडं नसलेल्या माझ्यासारखीला ते झेपलं. आमच्या बेसिस्टने त्या महिन्यात त्याचं ॲम्प विकलं. नव्या मुलांना मी म्हणूनच सांगते की धंद्याच्या रात्री आणि शिकायच्या रात्री वहीत वेगळ्या ठेवा. धंद्याच्या रात्रीचा इसार सोडू नका. आणि फुकट वाजवायचंच असेल तर ज्या रात्री तुम्हाला चुकायला मिळेल अशाच रात्री वाजवा. 'एक्सपोजर मिळेल' म्हणणाऱ्याच्या स्टेजवर चुकायला मिळत नाही.

पहिल्या मंगळवारी सहा माणसं होती, त्यातली दोन जेवणाचं पार्सल न्यायला आलेली. आम्ही 'रिदम चेंजेस' घेतलं. अमेरिकन संगीतकार गर्शविनच्या १९३० च्या एका गाण्याच्या स्वरसंगतींवर, म्हणजे कॉर्डच्या क्रमावर, बीबॉपवाल्यांनी शेकड्याने धुना रचल्या, त्या साच्याला हे नाव आहे. एकूण बत्तीस घरं, म्हणजे चार-चार मात्रांचे बार. आठ घरांचा पहिला भाग दोनदा, मग वेगळा आठ घरांचा मधला भाग, त्याला ब्रिज म्हणतात, आणि पुन्हा पहिला. या साच्यावर फिरत राहून एकेकाने ऐन वेळी सुचेल ते वाजवायचं. ब्रिजमध्ये दर दोन घरांनी स्वरसंगती बदलते: डी, जी, सी, एफ. ट्रंपेटवाल्याला हे सगळं एक सूर वर वाचावं लागतं, म्हणून माझ्यासाठी ई, ए, डी, जी. कागदावर सोपं आहे. शिवडीला मी हे झोपेतही वाजवत होते.

त्या रात्री दुसऱ्या आवर्तनात मला एक ओळ सापडली, छान वाटली, म्हणून मी ती लांबवली. आणि शुद्धीवर आले तेव्हा बाकीचे तिघे ब्रिजमध्ये होते आणि मी नव्हते. नेमका कुठला ब्रिज, दुसऱ्या आवर्तनाचा की तिसऱ्या, तेही कळेना. घशापर्यंत गरम झालं. मी ट्रंपेट खाली घेतला. बेसिस्टने माझ्याकडे बघून ओठांनी 'सी... सी...' केलं, ड्रमरने शेवटच्या आठाच्या तोंडाशी स्नेअरवर अशी एक भरत घेतली की दार उघडून धरावं तशी. मी त्या दारातून आत गेले. चार सूर वाजवले, साधे. पण ते बरोबर जागी पडले.

त्या चार सुरांनी मला जे शिकवलं ते सांगणं अवघड आहे. हरवल्यावर दुसऱ्याला ऐकायचं असतं. घरी ट्रॅक लावून सराव करताना ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही आणि तुम्हाला हाकही मारत नाही. हाक मारणारी माणसं आणि ती हाक ओळखणारे कान, दोन्ही अशाच रात्रींत तयार होतात. साधारण तिसाव्या मंगळवारनंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी घरं मोजणं सोडून दिलं आहे. ब्रिज जवळ आला की अंगालाच कळतं, भैरवीची वेळ झाली की मैफलीत बसलेल्याला कळतं तसं.

मुलगी ट्रंपेट वाजवते म्हणून लग्नात लोक मोबाइल काढतात. मंगळवारी कोणी काढत नाही, आणि मला त्याचं समाधान वाटतं. व्हलेडा स्नो नावाची कृष्णवर्णीय अमेरिकन ट्रंपेटवादक १९२० च्या दशकात बँडबरोबर शांघाय आणि कलकत्त्यापर्यंत येऊन वाजवून गेली होती, हे मला पंचविशीत कळलं. शंभर वर्षं झाली त्याला. अकरावीत कळलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून मी भेटेल त्या मुलीला सांगते.

चाळिसाव्या की एक्केचाळिसाव्या मंगळवारी मी आजोबांना टॅक्सीने घेऊन गेले. लोअर परळवरून जाताना त्यांनी काच खाली केली. मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लब सुरू झाला होता, २०१६ मध्ये बंद झाला. माझ्या आधीच्या पिढीच्या कितीतरी वादकांच्या रात्री तिथे गेल्या. अंकलच्या ओळखीने मी एकदाच, दुपारच्या साऊंडचेकला आत गेले होते. आजोबांना मी ते दाखवलं, तर ते म्हणाले, "तिथे माझा चुलत भाऊ होता कामाला." एवढंच. पुढे वांद्र्यापर्यंत कोणी बोललं नाही.

रेस्टॉरंटमध्ये ते खांबाजवळच्या टेबलाशी बसले, टोपी मांडीवर. मी त्या रात्री एक संथ गाणं घेतलं, आवाज दबवणारा म्यूट लावून, शिवडीच्या आवाजात. एकदा त्यांच्याकडे पाहिलं तर ते डोळे मिटून ओठ आत ओढून बसले होते, उजव्या हाताची तीन बोटं टेबलावर हलत होती. गाणं त्यांना येत नव्हतं. तरी बोटं माझ्यासोबत होती, अर्ध्या मात्रेने मागे.

परतताना म्हणाले, "हळू वाजवतेस की आता." आणि घरी पोचल्यावर माझी वही मागितली. चष्मा लावून रकाने पाहिले. मी मंगळवारच्या ओळीत इसाराच्या जागी रेघ मारत होते. ते म्हणाले, "रेघ नको मारू. जेवण लिही. जेवण पण बिदागीच असते." तेव्हापासून मी लिहिते. खिमा-पाव. पालक-राइस. एकदा मालक खूश होता तेव्हा सुरमई.

अंकल मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांचं नोटेशनचं ट्रंक आता माझ्याकडे आहे. वाळवी लागू नये म्हणून मी एकेक कागद उन्हात ठेवते आहे. त्यांच्या हस्ताक्षरातले शेवटचे काही सूर पेन्सिलीने खोडून पुन्हा लिहिलेले आहेत. बहुधा वाजवल्यानंतर, रात्री घरी येऊन.

परवाच्या मंगळवारी वसईहून एक मुलगा आला. एकोणीस वर्षांचा, आल्टो सॅक्सोफोन घेऊन. चर्चच्या बँडमध्ये वाजवतो, कागद उत्तम वाचतो. वाजवू का म्हणून विचारायला दोन मंगळवार लागले होते त्याला. ते दोन्ही मंगळवार तो मागे उभा होता हे मी पाहिलं होतं. त्याने 'रिदम चेंजेस'च मागितलं. पहिलं आवर्तन नीट गेलं. दुसऱ्यात त्याला काहीतरी सापडलं, चेहरा उजळला, आणि ब्रिजच्या तिसऱ्या घरात त्याचे डोळे सैरभैर झाले. मी ट्रंपेट काखेत घेतला, त्याच्या समोर सरकले आणि शेवटच्या आठाच्या आधी हात वर केला. ड्रमरने दार उघडलं. पोरगा आत आला.

साडेअकराला तो केस बंद करत होता, कान लाल झालेले. विरारची गाडी पकडायची होती त्याला. जिन्यापर्यंत गेला आणि परत आला.

"ताई, पुढच्या मंगळवारी आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. "साडेआठला ये. ब्रिज आधी एकदा सावकाश वाजवून घेऊ."

मग मीही धावले. वडाळ्यावरून शिवडीकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्या फार उशिरापर्यंत नसतात. डब्यात बसल्यावर वही काढली. मंगळवार, वांद्रे, माणसं पाच, जेवण अंडाकरी.

आधी चारच लिहिलं होतं. खोडून पाच केलं.